युद्धकाळातल्या सबमशीनगन : कोणी बनवल्या, कशा बनवल्या, कशा खोलल्या

पत्रेकाम (धागाकर्ता)

१९४० च्या जूनमध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज मायदेशी परतली तेव्हा माणसं वाचली, पण तोफा, गाड्या आणि बंदुकांचे ढीग फ्रान्सच्या किनाऱ्यावरच राहिले. समोर जर्मनांच्या हातात एमपी ३८ आणि एमपी ४०, आणि ब्रिटनकडे स्वतःची म्हणावी अशी सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या भराभर झाडणारी छोटी बंदूक, नाहीच. अमेरिकेकडून थॉम्पसन मागवावी तर १९३९ च्या भावाने एक नग २०० डॉलरच्या आसपास, शिवाय अटलांटिकमध्ये पाणबुड्या टपलेल्या.

मला या धाग्यात लढायांवर बोलायचं नाही. या बंदुका ज्या कारखान्यांत तयार झाल्या, त्यांच्यावर बोलायचं आहे. भोसरीत प्रेसशॉप आणि टूलरूममध्ये उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे असली वस्तू संग्रहालयात दिसली की नजर आधी वेल्डच्या रेषेवर जाते आणि मग पाटीवर. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये मुलाकडे गेलो असताना जे पाहता आलं आणि त्याच्या आधी-नंतर जे वाचलं, त्यातून एक मत तयार झालं आहे : ही बंदूक कोणत्या धंद्यातल्या माणसांनी बनवली, यावर ती पुढे कशी उघडायची हे ठरतं. जे सोल्जर तिला चिखलात बसून खोलणार, त्यांचा विचार काहींनी केला, काहींनी नाही.

आधी थॉम्पसन. ती महाग का, हे १९२८ चं मॉडेल जवळून पाहिलं की कळतं. बॅरलवर, म्हणजे गोळी जिच्यातून सुटते त्या नळीवर, उष्णता जावी म्हणून गोल खाचा आहेत, एकीला लागून एक, आणि प्रत्येक खाच लेथवर काढलेली. बॉडी म्हणजे पोलादाचा ठोकळा, मिलिंगवर सगळ्या बाजूंनी पोखरलेला. आत ब्लिश लॉक नावाचा ब्राँझचा तुकडा, तोही नीट बसवावा लागणारा. लाकूड अक्रोडाचं. म्हणजे कुशल मशिनिस्ट, उत्तम मशिनं आणि भरपूर वेळ. युद्धात नेमक्या याच तीन गोष्टी मिळत नाहीत. पुढे अमेरिकनांनीच त्या खाचा गाळल्या, ब्लिश लॉक काढून टाकला, आणि १९४४ पर्यंत एम१ए१ मॉडेलची किंमत ४५ डॉलरच्या घरात आणली. यावरूनच दिसतं की आधीचा बराचसा खर्च गोळी झाडण्यासाठी लागतच नव्हता.

ब्रिटनमध्ये मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन या दोघांनी १९४१ च्या सुरुवातीला जो नमुना पुढे केला, ती स्टेन. दोघांची आद्याक्षरं आणि एनफिल्डमधली पहिली दोन अक्षरं, असं ते नाव. काम करण्याची पद्धत अगदी साधी. आत एक जड बोल्ट, मागे एक स्प्रिंग. घोडा ओढला की बोल्ट पुढे येतो, मॅगझिनमधली (गोळ्या भरून लावायच्या खोक्यातली) गोळी ढकलत नेतो आणि उडवतो. त्याच धक्क्याने तो मागे जातो. कुलूप नाही, गुंतागुंत नाही. बोल्टचं वजन हेच कुलूप.

पहिल्या मॉडेलच्या, म्हणजे मार्क १ च्या, एक लाख बंदुका स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगर कंपनीने बनवल्या. हो, तीच शिलाई मशीनवाली सिंगर. मार्क १ मध्ये अजून थोडी हौस शिल्लक होती : पुढे घडी होणारी मूठ, थोडं लाकूड, बॅरलच्या तोंडाशी ज्वाळ लपवणारं टोपण. मार्क २ मध्ये तीही गेली. उरली एक नळी, तिला वेल्ड केलेले पत्र्याचे तुकडे, आणि मागे खांद्याला टेकवायला लोखंडी सांगाडा. वजन साधारण तीन किलो. २० लाखांवर नग. किंमत अडीच पौंडांच्या आसपास. सुटे भाग ब्रिटनभरच्या लहान लहान वर्कशॉपमध्ये बनत आणि जुळणी बीएसए या बंदुका बनवणाऱ्या कंपनीसारख्या मोठ्या ठिकाणी किंवा लिव्हरपूलजवळच्या फाझाकर्लीच्या सरकारी कारखान्यात होई.

आणि मार्क ३. ती मुख्यतः लाइन्स ब्रदर्स या कंपनीने बनवली, आणि लाइन्स ब्रदर्सचा मूळ धंदा खेळण्यांचा. पत्र्याच्या मोटारी, तीनचाकी सायकली. पातळ पत्रा दाबून, वळवून, कडा जुळवून झटपट वस्तू तयार करणं ही त्यांची रोजची विद्या, आणि तीच त्यांनी इथे वापरली. बॉडी आणि बॅरलचं आवरण मिळून एकच पत्र्याची नळी, वर सरळ शिवण. ती शिवण काचेतूनही स्पष्ट दिसते. मार्क २ पेक्षा भाग कमी, काम कमी.

पण मार्क २ ची बॅरल पुढचं नट फिरवून निघते आणि मॅगझिन ज्यात बसतं ते घर खाली फिरवता येतं. मार्क ३ मध्ये दोन्ही पक्कं जडवलेलं. बनवायला सोपी झाली ती बिघडल्यावर दुरुस्त करायला अवघड झाली. हा व्यवहार तुम्हाला कसा वाटतो? ज्यांनी अशी हत्यारं प्रत्यक्ष हाताळली आहेत त्यांनी जरूर लिहावं.

---

सुभेदार_माणगाव

पत्रेकाम साहेब, उत्तम विषय काढलात. आमच्या नोकरीत स्टेन नव्हती, पण तिचीच पुढची पिढी होती. नऊ एमएम कार्बाइन, म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली. जॉर्ज पॅचेटने तिचं डिझाइन युद्धातच केलं, ब्रिटिश फौजेने ती १९५३ मध्ये घेतली.

फौजेत हत्यार शिकवताना पहिला धडा गोळी झाडण्याचा नसतो, ‘खोलना-जोडना’ हा असतो. आधी मॅगझिन काढायचं, चेंबर बघायचं, बोटाने चाचपून खात्री करायची, मग पुढचं. भाग काढायचे ते चटईवर डावीकडून उजवीकडे ओळीने, आणि जोडायचे ते उलट्या क्रमाने. नंतर डोळ्यांवर पट्टी बांधून तेच. अंधारात, पावसात, खंदकात हात आपोआप चालले पाहिजेत म्हणून. कार्बाइनचं टोपण काढलं की स्प्रिंग कशी उसळते हे ज्याने एकदा अनुभवलं तो अंगठा तिथून हलवत नाही. मग पुलथ्रू (बॅरलमधून ओढायची सफाईची दोरी), चिंदी, तेल. तेलाचा हात किती हलका असावा यावर आमचे उस्ताद तासभर बोलत.

तुमच्या मताला माझा अर्धा पाठिंबा. खोलायला सोपं असणं महत्त्वाचं, पण त्याहून महत्त्वाचं आहे मॅगझिन. स्टेनचा खरा रोग तिथे होता. गोळ्या दोन रांगांत भरलेल्या, पण तोंडाशी येताना एका रांगेत याव्या लागत. वाट अरुंद, घासाघीस जास्त, आणि तोंडाच्या पत्र्याच्या कडा जराशा वाकल्या की गोळी तिरकी. मॅगझिनमध्ये ३२ गोळ्यांची जागा, पण अनुभवी लोक २८ ते ३० च भरत. शिवाय मॅगझिन डाव्या बाजूला आडवं, त्यामुळे नवा माणूस मूठ समजून तेच धरायचा, ते हलायचं आणि बंदूक अडकायची. पॅचेटने स्टर्लिंगमध्ये हा दोष बरोबर पकडला. मॅगझिनच्या आत गोळ्यांना वर ढकलणाऱ्या भागाला रोलर लावले आणि वळणदार मॅगझिनमधून गोळ्या दोन रांगांतच वर येऊ दिल्या. बोल्टवर तिरक्या खाचा दिल्या, म्हणजे आत गेलेली धूळ खरवडून बाजूला सरते. ‘खोलना-जोडना’ कमी करावं लागणं ही खरी सुधारणा.

---

ऋजुता_प्राग

मॅगझिनचा विषय निघालाच आहे तर इथली गोष्ट सांगायला हवी. प्रागमध्ये २७ मे १९४२ ला तिथला नाझी सत्ताधीश रायनहार्ड हायड्रिश याची उघडी मर्सिडीज एका वळणावर हळू झाली, आणि ब्रिटनहून पॅराशूटने उतरलेला चेकोस्लोव्हाक सैनिक योझेफ गाबचिक समोर येऊन उभा राहिला. हातात स्टेन, मार्क २. त्याने घोडा ओढला आणि काहीच झालं नाही. बंदूक अडकली. पळून जाण्याऐवजी हायड्रिशने गाडी थांबवायला लावली आणि स्वतः पिस्तूल काढलं. तेवढ्यात त्याचा साथीदार यान कुबिशने बॉम्ब फेकला, तो गाडीच्या मागच्या चाकाजवळ फुटला आणि त्यातल्या जखमांनी हायड्रिश ४ जूनला मेला.

स्टेन का अडकली याची कारणं लोक आजही मोजत बसतात. कोणी मॅगझिनला दोष देतं, कोणी तिच्यात शिरलेल्या कचऱ्याला. पण धाग्याच्या विषयाला धरून मला वेगळंच सांगायचं आहे. ती बंदूक तिथपर्यंत पोचलीच मुळी सुटी करून. मार्क २ चे तुकडे साध्या ब्रीफकेसमध्ये मावतात, वर रेनकोट टाकला की ट्रामच्या थांब्यावर उभा असलेला माणूस कामावर निघालेला वाटतो. म्हणजे जो गुण तिला तिथे घेऊन गेला, तोच गुण आणि तिच्यातला दोष एकाच वस्तूत होते.

रेसलोव्हा रस्त्यावर संत सिरिल आणि मेथडियसच्या चर्चमध्ये १८ जूनला या दोघांचा आणि त्यांच्या साथीदारांचा शेवट झाला. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत, आणि खाली फुलं रोज ताजी असतात. त्याआधी १० जूनला सूड म्हणून लिडित्से गाव जर्मनांनी पुसून टाकलं होतं. बंदुकीच्या पत्र्याबद्दल बोलताना हे विसरायला नको, म्हणून लिहिलं.

---

टर्नर_सातारा

ऋजुताताई, छान लिहिलंत. आता माझ्या धंद्यातलं बोलतो.

सगळे स्टेनच्या स्वस्ताईचं कौतुक करतात, पण मला सगळ्यांत जास्त आदर वॉर्सामधल्या ‘ब्लिस्काविका’ या बंदुकीच्या कारागिरांबद्दल आहे. पोलंडच्या भूमिगत फौजेसाठी वात्सवाफ झावरोत्नी आणि सेवेरिन व्हिएलानियर या दोघांनी १९४३ च्या सुमारास ती आखली. जर्मन ताब्यातल्या शहरात, लपून. सुमारे ७०० नग झाले. घडीचा दस्ता एमपी ४० सारखा, आतली रचना स्टेनच्या धर्तीवर.

आता लक्ष द्या. त्यांच्याकडे चांगली वेल्डिंगची सोय नव्हती, मोठे प्रेस नव्हते. मग त्यांनी जोड जिथे जिथे आले तिथे आटे काढले आणि स्क्रू लावले. आटे पाडायला लहान लेथ पुरतो, आणि लहान लेथ प्रत्येक गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये असतो. एक वर्कशॉप एकच भाग बनवणार, आणि बहुतेकांना माहीतही नसणार की हा भाग शेवटी कुठे बसतो. जुळणी दुसरीकडे. अशा कामात एका दुकानातला आटा दुसऱ्या दुकानातल्या नटात पहिल्या फटक्यात बसला पाहिजे. ज्याने कधी दोन वेगवेगळ्या लेथवरचे जोडभाग बसवून पाहिले आहेत त्याला विचारा, हे काय काम आहे ते. आज आपण गो-नो गो गेज (भाग मापात आहे की नाही ते तपासायचं साधन) लावून, सीएनसीवर सुद्धा रिजेक्शन मोजत बसतो. तिथे पकडले गेले तर घरातल्यांसकट मरण.

पत्रेकामदादा, तुमचं म्हणणं या बंदुकीला चपखल लागू पडतं. लेथवाल्यांनी बनवली म्हणून ती स्क्रूंनी जोडली गेली, आणि म्हणूनच ती पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन पूर्ण सुटी होते. डेन्मार्क आणि नॉर्वेतही भूमिगत लोकांनी स्टेनच्या नकला बनवल्या, पण मला पोलिश काम त्यांच्यापेक्षा वरचं वाटतं, कारण ती निव्वळ नक्कल नव्हती. हातात काय आहे ते बघून डिझाइनच बदललं त्यांनी.

---

इतिहासवेडा

रशियाचं नाव अजून कोणी घेतलं नाही! आकड्यांत बोलायचं तर त्यांच्यापुढे सगळे लहान. श्पागिनची पीपीएसएच-४१ पन्नास लाखांहून जास्त बनली. जर्मन एमपी ४० दहा-अकरा लाखांच्या आसपास, आणि तिला ‘श्माइसर’ म्हणायची पद्धत असली तरी डिझाइन एर्मा कारखान्याचं, हाइनरिख फोल्मरचं आहे. ह्यूगो श्माइसरने ते केलेलं नाही.

१९४१ च्या शरद ऋतूत जर्मन मॉस्कोच्या दिशेने आले तेव्हा रशियनांनी कारखानेच्या कारखाने रेल्वेत घालून पूर्वेला हलवले. श्पागिन ज्या व्यात्स्कीये पोल्यानी गावी गेला तिथे आधी लाकडी रिळं बनवण्याचा कारखाना होता. त्या शेडमध्ये मशिनं उतरली आणि सबमशीनगन बनायला लागल्या. मॉस्कोतल्या लहानसहान कारखान्यांनाही भाग वाटून दिले होते.

---

पत्रेकाम

इतिहासवेडा, नेमकं तेच लिहिणार होतो, आणि माझ्या दृष्टीने या विषयातला सगळ्यांत श्रीमंत भाग हाच आहे. थोडं सविस्तर लिहितो.

रशियनांकडे आधी देगत्यारेवची पीपीडी होती. चांगली, पण थॉम्पसनच्याच जातीची : मशिनिंग फार. एका बंदुकीला १३.७ मशीन-तास लागत. श्पागिनने ती ७.३ तासांवर आणली, पत्रा दाबून आणि वेल्ड करून. पीपीएसएचची बॅरल आतून क्रोम केलेली असे, म्हणजे जिथे पैसा घालायला हवा तिथे घातला आणि बाकी ठिकाणी वाचवला. रशियन फौजेच्या मोसिन रायफलच्या बॅरल बनवण्याची मशिनं आधीच होती आणि दोन्ही बंदुकांचा व्यास ७.६२ मिलिमीटर, त्यामुळे रायफलच्या एका बॅरलमधून दोन निघत.

आणि उघडायची पद्धत तर बघा. मागे एक कळ आहे, ती दाबली की बॅरलच्या आवरणासकट वरचा अख्खा भाग पुढच्या बिजागरीवर खाली झुकतो. आपल्याकडच्या ठासणीनंतरच्या शिकारी बंदुका जशा मोडून काडतूस भरतात, तशी. बोल्ट आणि स्प्रिंग समोर, हात घाला आणि उचला. एकही भाग जमिनीवर पडत नाही. कोवळी पोरं आणि शेतातून आलेले शेतकरी भरती होत होते, हातमोजे घातलेले, बर्फात. ज्याने ही बिजागरी आखली त्याच्या डोळ्यांसमोर तो शिपाई होता, याबद्दल मला शंका नाही.

दोष होता तो ७१ गोळ्यांच्या डबी मॅगझिनमध्ये. गोल डबी भरायला वेळ लागे, आणि एका बंदुकीची डबी दुसरीत नीट बसेलच असं नाही, जुळवून द्यावी लागे. पुढे ३५ गोळ्यांचं वळणदार मॅगझिन आलं. म्हणजे सुभेदारसाहेब म्हणतात तेच, मॅगझिन.

आता सुदायेव. लेनिनग्राड वेढ्यात. बाहेरून काही येत नाही, आत उपासमार. अलेक्सेई सुदायेवने पीपीएस आखली आणि तिचं उत्पादन वेढलेल्या शहरातच सुरू झालं. पीपीएसएचला १३.९ किलो धातू लागे, पीपीएस-४३ ला ६.२ किलो. तास ७.३ वरून २.७ वर. हे आकडे वाचून मी किती वेळ बसून राहिलो होतो! तयार बंदूक तीन-साडेतीन किलोची, मग १३.९ किलो धातू कुठे गेला? चिप्समध्ये, कातरणीत, भंगारात. प्रेसशॉपवाल्याला यातला अर्थ सांगावा लागत नाही. पत्र्याच्या एका पट्टीतून जास्तीत जास्त तुकडे कसे निघतील, डाय कशी मांडायची, कुठे पंच मारायचा म्हणजे पुन्हा मशिनिंग नको : सुदायेवने बंदुकीबरोबर तिचा प्रेस ले-आउटही डोक्यात धरला होता. दस्ता पत्र्याचा, वरून घडी होणारा. लाकूड जवळजवळ नाही. सुदायेव १९४६ मध्ये गेला, वय फक्त तेहतीस.

---

किरण_सिडनी

पत्रेकामकाका, जोरदार. पण ‘बनवायला सोपी’ हाच एक निकष लावला तर ओवेन गन मागे पडते, आणि ते मला मान्य नाही.

एव्हलिन ओवेन हा सिडनीच्या दक्षिणेला वोलोंगाँगचा तरुण. १९३९ मध्ये त्याने स्वतः केलेला नमुना सैन्याला दाखवला, त्यांनी नाकारला. त्याचा शेजारी व्हिन्सेंट वॉर्डेल हा पोर्ट केंबलाच्या लायसाट कंपनीत व्यवस्थापक होता. पोत्यात गुंडाळलेली ती बंदूक त्याच्या नजरेला पडली आणि तिथून चक्र फिरलं. लायसाट ही पोलादी पत्र्याची कंपनी, हत्यारांशी संबंध नाही. १९४१ मध्ये चाचण्या झाल्या, थॉम्पसन आणि स्टेनच्या बरोबरीने. चिखल आणि वाळू लावून झाडली तेव्हा बाकीच्या अडल्या, ओवेन चालली.

का चालली, ते खोलल्यावर कळतं. मॅगझिन वरून लागतं, म्हणजे गोळी स्वतःच्या वजनाने खाली यायला मदत करते, आणि रिकामी पुंगळी खालून पडते. पुंगळीच्या वाटेने आत गेलेली मातीही तिथूनच बाहेर. कॉकिंग हँडल (बोल्ट मागे ओढायचा दांडा) आणि बोल्ट यांच्यामध्ये आडवी भिंत आहे, त्यामुळे हँडलच्या खाचेतून शिरलेला चिखल बोल्टपर्यंत पोचत नाही. त्या भिंतीमुळे बोल्ट मागून निघू शकत नाही. मग पुढचा स्प्रिंगचा खिट्टा ओढून आधी बॅरल काढायची आणि बोल्ट पुढून घ्यायचा. स्टेनच्या बरोबर उलटं. जड आहे, स्टेनपेक्षा महाग आहे, साधारण ४५ हजारच बनल्या. पण न्यू गिनीच्या जंगलात ज्यांनी ती वापरली त्यांनी ती सोडली नाही, आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांकडे ती व्हिएतनामपर्यंत होती. इथे स्टेनची सुधारलेली आवृत्ती ऑस्टेन या नावाने बनत होती, तिला सैनिकांनी जवळ केलं नाही.

ओवेन १९४९ मध्ये वारला, तेहतीस वर्षांचा. त्याला हयातीत मोठेपणा फारसा लाभला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

सुभेदार_माणगाव

किरण, तुझं म्हणणं पटलं. शिपायाच्या बाजूने पाहिलं तर ओवेनला मीही पहिला नंबर देईन.

माझ्या तालुक्याचं एक सांगतो. नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४. त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. ते एकटेच धावत गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद केली, एकाला टॉमीगनने, म्हणजे थॉम्पसनने, टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक बॅरलकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. नंतर शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे, येता-जाता आम्ही हात जोडतो.

पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव. जखमी साथीदारांना नदीपार नेऊन ते परत फिरले आणि टॉमीगन घेऊन मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडले. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून ग्रेनेड हातात घेतले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

आता कारखान्याच्या हिशेबाने बघा. थॉम्पसनचा जाड लाकडी दस्ता आणि पाच किलोच्या आसपास वजन यावर सगळे टीका करतात. पण घाडग्यांच्या हातात त्या वेळी मार्क २ चा पोकळ लोखंडी सांगाडा असता तर? बंदुकीचा कोणता खर्च फुकट, हे कागदावर ठरवताना हे ध्यानात ठेवावं.

---

टर्नर_सातारा

सुभेदारसाहेब, अंगावर काटा आला.

---

नवखा_२१

छान माहिती. कोणाकडे या बंदुकांचे मापांसह ड्रॉइंग आहेत का? टूलरूमवाल्या मंडळींनी टाकले तर चर्चा अजून पुढे जाईल.

---

संपादक

नवखा_२१, या धाग्यावर मापं, ड्रॉइंग किंवा बनवण्याची कृती टाकू नये, टाकल्यास प्रतिसाद काढला जाईल. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार स्वयंचलित हत्यारं प्रतिबंधित आहेत. इतिहास, कारखानदारी आणि संग्रहालयात दिसणारी रचना यांवर चर्चा चालू द्या, ती सुरेख चालली आहे.

---

ऋजुता_प्राग

अमेरिकेची ग्रीझ गन राहिली की! पत्रेकाम, ती तुमच्या मतासाठी सगळ्यांत चांगलं उदाहरण आहे. मोटारींचे हेडलाइट बनवणाऱ्या कंपनीने बनवली ना?

---

पत्रेकाम

हो. जनरल मोटर्सची गाइड लॅम्प शाखा, इंडियाना राज्यात अँडरसन गावी. डिझाइन जॉर्ज हाइडचं, उत्पादनाची बाजू इनलँड शाखेच्या फ्रेडरिक सॅम्पसनने बघितली. डिसेंबर १९४२ मध्ये एम३ या नावाने स्वीकारली, सहा लाखांच्या वर बनल्या, किंमत २० डॉलरच्या आसपास.

हेडलाइटचं कवच म्हणजे पत्र्याची खोल वाटी. डावी आणि उजवी अशी दोन अर्धी कवचं दाबायची आणि मधोमध वेल्ड करायची : एम३ ची बॉडी अशीच झाली आहे. पण आत त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. बोल्ट बॉडीला घासत नाही, तो दोन सळयांवर सरकतो. त्यामुळे पत्र्याचं कवच आतून अगदी अचूक असण्याची गरज उरली नाही, आणि बोल्टच्या भोवती मोकळी जागा राहिल्याने वाळू गेली तरी फार अडत नाही. अचूकपणा कुठे हवा आणि कुठे नको हे ज्याला कळलं त्याने निम्मा खर्च वाचवला.

पहिल्या एम३ ला बोल्ट मागे ओढायला बाजूला फिरवायचा दांडा होता, तो तुटायचा. एम३ए१ मध्ये तो काढूनच टाकला आणि बोल्टला एक खळगा दिला : झाकण उघडा, बोट घाला, मागे ओढा. मागच्या तारेच्या दस्त्याला तर त्यांनी कामाला लावलं. तो काढला की बॅरल साफ करायचा गज, बॅरल घट्ट बसली असेल तर फिरवायचा पाना, आणि मॅगझिन भरायचं साधन. शिपायाजवळ वेगळी हत्यारपेटी नको. सुभेदारसाहेब, तुमच्या ‘खोलना-जोडना’साठी याहून चांगली व्यवस्था माझ्या तरी पाहण्यात नाही.

---

सुभेदार_माणगाव

हे आवडलं. आता तुमच्या मार्क ३ बद्दल विचारतो. सुरक्षिततेचं काय? जुने लोक सांगत, स्टेन दस्त्यावर आपटली की आपोआप सुटायची. आणि मॅगझिनचं घर ठेचलं गेलं तर मार्क ३ चं काय करायचे?

---

पत्रेकाम

सुटायची, हे खरं आहे, आणि ते मार्क २ लाही लागू होतं. बोल्ट पुढे असताना बंदूक दस्त्यावर पडली तर तो झटक्याने मागे यायचा, घोड्याच्या खाचेत अडकण्याइतका मागे नाही, पण गोळी उचलण्याइतका पुरेसा. स्प्रिंगने पुढे गेला की गोळी उडाली. ट्रकमधून उतरताना, विमानातून उडी मारताना हा धोका कायम. जर्मन एमपी ३८ मध्येही तोच दोष होता, तिथे त्यांनी कॉकिंग हँडल दोन तुकड्यांचं करून ते आत ढकललं की बोल्ट पुढच्या जागीच अडकेल अशी सोय केली. ब्रिटिशांनीही पुढे तशीच सोय केली : हँडल आत दाबलं की ते समोरच्या भोकात बसतं आणि बोल्ट हलत नाही. एक भोक आणि थोडं लांब हँडल. एवढ्याशा कामासाठी आधी माणसं गेली, हे मला फार लागतं.

मार्क ३ चं मॅगझिनचं घर बॉडीला वेल्ड केलेलं. ठेचलं तर सरळ करायला जागा नाही, बॅरल खराब झाली तरी बदलता येत नाही. बंदूक बाद. त्या भावात ते परवडत होतं असा त्यांचा हिशेब. मार्क २ चं घर मात्र खाली फिरवून ठेवता येई, म्हणजे पुंगळीची खिडकी झाकली जाते आणि वाहतुकीत धूळ जात नाही. पॅराशूटने टाकायच्या पेट्यांत, भूमिगत लोकांसाठी, मुख्यतः मार्क २ जायची ती यामुळेच.

आणि १९४४ मध्ये मार्क ५ आली तेव्हा त्यांनी मार्क ३ चा रस्ता धरला नाही. मार्क २ चीच बॉडी घेतली, बॅरल पुन्हा निघणारी, वर लाकडी दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, पुढे संगीन लावायची सोय. ती हॉलंडमध्ये आर्नहेमच्या लढाईत उतरलेल्या पॅराट्रूपर्सच्या हातात गेली. तीत लाकूड परत आलं, वजन वाढलं, पैसे वाढले. मॅगझिन मात्र तेच ठेवलं.